आग कशाची, हें आधीं ओळखा

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं चकल्या तळण्याचें काम चाललें असतां कढईंतील तेलानें एकाएकीं पेट घेतला. आम्हीं लगबगीनें पाण्याची कळशी उचलली. तोंच सूनबाईंनीं आमचा हात धरला, गॅस बंद केला आणि एक मोठी परात बाजूनें सरकवून कढई झांकून टाकली. ज्वाळा तत्काळ निमाली. सारा जन्म मुलांस शिकविण्यांत गेला. पण हा धडा आम्हांस उतारवयांत स्वयंपाकघरांत मिळाला.

संस्कृतांत वडवानलास 'अबिंधन' असें नांव आहे. म्हणजे पाणी हेंच ज्याचें इंधन असा अग्नि. त्या कळशीनें आम्ही घरांत वडवानलच उत्पन्न केला असता. पाणी 100 अंशांस उकळतें. पेटलेलें तेल 300 अंशांहूनही अधिक तापलेलें असतें. पाणी तेलाहून जड, म्हणून तळाशीं जातें व तेथें त्याची क्षणांत वाफ होते. ही वाफ पाण्याच्या सुमारें 1,600 पट जागा व्यापते, आणि पेटतें तेल छतापर्यंत उडवून देते.

अग्नीचें दुसरें नांव 'हुतभुक्', म्हणजे आहुति भक्षण करणारा. तो काय भक्षण करीत आहे, हें पाहिल्यावांचून उपाय ठरत नाहीं. आपल्या देशांत आगीचे वर्ग ह्याच तत्त्वावर केले आहेत. लांकूड, कागद, कापड ह्यांची आग 'ए' वर्गाची. पेट्रोल, रॉकेल, रंग ह्यांसारख्या द्रवांची 'बी'. जळणाऱ्या वायूची 'सी'. आणि मॅग्नेशियम, सोडियम इत्यादि धातूंची 'डी'. तळणीच्या तेलाचा 'एफ' हा वर्ग अलीकडे निराळा मानतात.

आतां यंत्रांकडे वळूं. पाण्याचें यंत्र केवळ 'ए' वर्गास योग्य. फेसाचें यंत्र 'ए' व 'बी' दोहोंस चालतें. परंतु विजेचा प्रवाह चालू असेल तेथें हीं दोन्हीं वर्ज्य. विजेच्या उपकरणास आग लागल्यास प्रथम मुख्य बटण बंद करावें व कार्बन डायऑक्साइडचें यंत्र वापरावें. त्याचा अवशेष मागें राहत नाहीं. मात्र त्याचें नळकांडें अत्यंत थंड होतें म्हणून तें हातांत धरूं नये, आणि कोंदट खोलींत फार वेळ थांबूं नये. कढईवर हा वायु सोडल्यास त्याच्या झोतानें तेलच बाहेर उडतें. तळणीच्या तेलासाठीं ओल्या रसायनाचें खास यंत्र मिळतें. तें तेलावर साबणासारखा थर धरतें व तेल थंडही करतें. कोरडी पूड ज्वाळा विझविते, पण तेल थंड करीत नाहीं. म्हणून तें पुन्हा पेटूं शकतें.

गॅस गळून पेटला असेल तर आधीं गॅस बंद करावा. तो बंद न करतां नुसती ज्वाळा विझविली तर न जळलेला वायु जमिनीलगत साचतो व पुढें स्फोट होतो.

सामान्य कुटुंबानें 'ए-बी-सी' पुडीचें यंत्र घ्यावें. घरांतील अशक्त मनुष्यासही उचलेल येवढेंच वजनाचें. त्यावर आय.एस.आय. चिन्ह असावें, दाबदर्शकाचा कांटा हिरव्या भागांत असावा. तें शेगडीजवळ न टांगतां दाराजवळ टांगावें. कारण आग लागल्यावर शेगडीपर्यंत जाणें घडणार नाहीं. खीळ काढून, नळी ज्वाळांच्या मुळाशीं रोखून, दांडा दाबावा व झाडू मारल्याप्रमाणें झोत फिरवावा. लहान यंत्र कांहीं सेकंदांतच रितें होतें, हें विसरूं नये. पाठीशीं दार मोकळें ठेवावें. आग आटोक्यांत येत नसेल तर सर्वांस घेऊन बाहेर पडावें व 101 किंवा 112 ह्या क्रमांकावर कळवावें.

त्या प्रसंगानंतर आम्ही आमच्या इमारतीच्या जिन्यांतील तांबडें यंत्र पाहावयास गेलों. कित्येक वर्षें त्याजवळून जात होतों, पण त्यावरील अक्षरें त्या दिवशींच प्रथम वाचलीं. तीं वाचण्यास दोन मिनिटेंही लागलीं नाहींत. वाचकांनीं आपल्या घरच्या मंडळींस, विशेषतः लेकीसुनांस व नातवंडांस, बरोबर घेऊन आजच तेवढा वेळ काढावा, येवढीच आमची विनंति.