दांडेकरांची मोजपट्टी आणि वाशीमचे सोयाबीन

वाशीमच्या पठारावर पाणी उगम पावते आणि जिल्ह्याबाहेर निघून जाते. काटेपूर्णा काटा गावाजवळ उगम पावते आणि अकोला शहराची तहान भागवते. अडाण आणि अरुणावती यवतमाळकडे उतरतात. पैनगंगा वाहते तीही जिल्ह्याच्या कडेकडेने. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या सहाही तालुक्यांतला बहुतेक शेतकरी मात्र आजही मृगाच्या पावसाकडे डोळे लावून सोयाबीन आणि तूर पेरतो. या शेतकऱ्याच्या पदरात सरकारकडून काय पडते, हे ठरवणाऱ्या दोन मोजपट्ट्यांमागे एकच माणूस आहे. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर. ते 1995 मध्ये वारले. अकोल्यातून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला 1 जुलै 1998 रोजी. म्हणजे हा जिल्हा त्यांनी नकाशावर कधी पाहिलाच नाही.

1920 साली जन्मलेले दांडेकर मूळचे संख्याशास्त्राचे. धनंजयराव गाडगीळांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत त्यांचे आयुष्य गेले. गाडगीळांनंतर तिचे संचालकपदही त्यांच्याकडे आले. नीलकंठ रथ यांच्यासह त्यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेला भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास देशभर गाजला. माणशी रोज 2250 उष्मांक मिळण्याइतका खर्च ज्यांना झेपत नाही ते गरीब, असे धरून त्यांनी हिशेब मांडला. 1960-61 मध्ये खेड्यांतले सुमारे 40 टक्के आणि शहरांतले सुमारे 50 टक्के लोक या रेषेखाली निघाले. पोषणतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांना ही उष्मांकांची रेषा मान्य नव्हती. दोघांचा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि तो आजही वाचण्याजोगा आहे.

वाशीमशी संबंध येतो तो पुढच्या दोन कामांचा. पहिले काम अनुशेषाचे. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, 1983 मध्ये, प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1984 मध्ये आला. रीत सरळ होती. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, कृषिपंपांची वीज अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची, आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट पैशात मांडायची. एकूण अनुशेष निघाला 3186.78 कोटी रुपयांचा. त्यात विदर्भाचा 1246.54 कोटींचा. गाऱ्हाण्याला आकडा मिळाला की ते सभागृहात टाळता येत नाही, ही या अहवालाची खरी कमाई. पुढची वैधानिक विकास मंडळे आणि राज्यपालांचे निधिवाटपाचे निर्देश या हिशेबाच्याच वाटेने आले.

पण मोजणीचे एकक होते जिल्हा. तेव्हाचे वाशीम अकोल्याच्या पोटात होते, त्यामुळे तिथली तूट अकोल्याच्या बेरजेत विरघळली. नंतरच्या काळात सिंचनाचा अनुशेष शिल्लक राहिलेले जिल्हे म्हणून अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा ही चारच नावे पुन्हा पुन्हा येत राहिली. पैनगंगेवर बॅरेजेस झाली. मात्र बॅरेजचे पाणी कालव्यासारखे आपोआप शेतात येत नाही. ते उपसावे लागते, त्यासाठी पंप, पाइप आणि वेळेवर वीज लागते. सिंचनक्षमता तयार झाली असे कागदावर लिहिले गेले, तरी ती शिवारात पोचायला आणखी एक खर्च उरतोच.

दुसरे काम पीकविम्याचे. 1972 च्या सुमारास गुजरातेत संकरित कापसावर वैयक्तिक नुकसानीचा विमा करून पाहिला गेला आणि तो तोट्यात गेला. प्रत्येक शेत पाहणे परवडत नाही, आणि नुकसान भरून मिळणार म्हटल्यावर पिकाची निगा ढिली पडू शकते. दांडेकरांनी 1976 मध्ये पर्याय मांडला: एकसारखी जमीन आणि पाऊसमान असलेला टापू धरा, त्याचे सरासरी उत्पन्न मोजा, ते घटले तर टापूतल्या सर्वांना सारख्या प्रमाणात भरपाई द्या. 1979 मध्ये त्यावर प्रायोगिक योजना निघाली, 1985 मध्ये सर्वंकष पीकविमा योजना. 2016 पासूनची प्रधानमंत्री पीकविमा योजनाही मुख्यतः याच पायावर उभी आहे. टापूचे उत्पन्न मोजायला जो पीक कापणी प्रयोग करतात, त्याची नमुना पद्धत घडवली सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी. उष्मांकांवरून दांडेकरांशी भांडलेले तेच सुखात्मे.

आता महसूल मंडळातला, म्हणजे विम्यासाठी टापू धरलेल्या एककातला, हिशेब पाहू. मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला 70 टक्के जोखीमस्तर लावला की उंबरठा उत्पन्न मिळते. समजा सरासरी हेक्टरी 16 क्विंटल आहे. उंबरठा झाला 11.2. यंदा मंडळाचे उत्पन्न 8.4 आले तर घट चौथा हिस्सा, आणि भरपाई विमा रकमेच्या 25 टक्के. मंडळाचे उत्पन्न 11.5 आले, तर या हिशेबात नाल्याकाठी सोयाबीन पाण्याखाली कुजलेल्यालाही शून्य.

दांडेकरांची दोन्ही कामे इथे एकमेकांना भिडतात. सिंचन नाही म्हणून उत्पन्न कमी. उत्पन्न कमी म्हणून सरासरी कमी. सरासरी कमी म्हणून उंबरठा खाली, आणि उंबरठा खाली म्हणून भरपाईची पात्रताच दूर. ज्याच्या वाट्याला अनुशेष आला, त्याचे विमासंरक्षणही आपसूक तुटपुंजे होते. दोन वाईट वर्षे वगळण्याची सवलत थोडा आधार देते, पण सातांपैकी चार वर्षे पावसाने दगा दिला तर तीही अपुरी पडते.

माझ्या मते दोष टापूच्या कल्पनेत नाही, तिच्या अंमलात आहे. दांडेकरांची अट एकजिनसी टापूची होती. महसूल मंडळ हे महसुलाच्या सोयीचे एकक आहे. त्यात माळाची बरड जमीन आणि नदीकाठची काळी एकाच सरासरीत येतात. एककाचा हाच प्रश्न विकासयोजनांतही दिसतो: 2018 मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांत वाशीमचे नाव घातले. तिथेही एकक जिल्हाच.

2025 च्या खरिपापासून महाराष्ट्राने शेतकऱ्याला एक रुपयात मिळणारा विमा बंद केला आणि भरपाई मुख्यतः पीक कापणी प्रयोगावर आणून ठेवली. शेतकऱ्याला आता खरिपाच्या सोयाबीन, तुरीसारख्या पिकांसाठी विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता भरायचा आहे. म्हणजे 1976 चा आराखडा जवळपास मूळ रूपात परतला आहे, आणि कापणी प्रयोगाचा प्लॉट कुठे पडला, वजन किती भरले, हे आकडे गावच्या चावडीवर लावण्याची मागणी आता प्रत्येक ग्रामसभेने करायला हवी.