आईची दोन वर्षं कुठे गेली?

‘डायरेक्ट सेकंड इयर’ हा शब्द माहीत नाही असा विद्यार्थी आपल्या कॉलेजात शोधूनही सापडणार नाही. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून आलेला मुलगा सरळ दुसऱ्या वर्षाच्या वर्गात येऊन बसतो, आणि वर्कशॉपमध्ये आपल्यापेक्षा भारी काम करतो! त्याचं आधीचं शिक्षण धरलं गेलं, म्हणून त्याचं एक वर्ष वाचलं. इतकी साधी गोष्ट.

म्हणूनच उन्हाळ्याच्या सुट्टीत अकोटला घरी गेल्यावर आईने जेव्हा ट्रंकेतून दोन जुन्या मार्कशीट काढून माझ्यासमोर ठेवल्या, तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हणाले, “आई, मग तुझं तर डायरेक्ट थर्ड इयर!”

मार्कशीट होत्या बी.ए. भाग एक आणि भाग दोनच्या. सन २००२ आणि २००३. वर नुसतं ‘अमरावती विद्यापीठ’ छापलेलं, कारण विद्यापीठाच्या नावात संत गाडगे बाबांचं नाव २००५ साली आलं. २००३ च्या उन्हाळ्यात आईचं लग्न झालं आणि भाग तीन राहिला तो राहिलाच. आई आता अंगणवाडी सेविका आहे. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते, आणि तिच्याकडे आहे बारावी अधिक दोन वर्षं. “माह्यं एकच वर्स राह्यलं होतं,” असं ती इतक्यांदा म्हणाली आहे की आमच्या घरात ते वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं झालं आहे. असतं, पण कोणी बघत नाही.

यावेळी मात्र बघावं लागलं. कारण एका ‘अ‍ॅडमिशन सेंटर’वाल्याने तिला फोनवर सांगितलं होतं, “ताई, तुमची जुनी दोन वर्षं ट्रान्सफर होऊन जातील. एकच ऑनलाइन परीक्षा. सहा महिन्यांत डिग्री हातात. फक्त अठरा हजार.” आणि आईने बचत गटातून दहा हजारांचं कर्ज मागूनसुद्धा ठेवलं होतं! मी म्हटलं, “आई, मला आठ दिवस दे. मी बघते.” त्या आठ दिवसांत जे समजलं, ते हा लेख. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेव्हा चुका पोटात घाला.

क्रेडिट म्हणजे नेमकं काय?

आपल्या ग्रेडकार्डवर क्रेडिटचा रकाना असतो, पण आपण बघतो फक्त एसजीपीए. क्रेडिट म्हणजे शिकण्यासाठी घातलेल्या वेळेचं माप. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचं शिक्षण. त्यात वर्ग, प्रॅक्टिकल, घरचा अभ्यास, असाइनमेंट सगळं आलं. एका वर्षाचे ४० क्रेडिट धरतात, म्हणजे १२०० तास. तीन वर्षांच्या पदवीचे १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सचे १६०.

हे क्रेडिट ठेवायला २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एक खातं सुरू केलं. त्याचं नाव अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. आईला मी ते तिच्या बचत गटाच्या भाषेत सांगितलं. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पासबुक. परीक्षा पास झालात की तुमचं कॉलेज किंवा विद्यापीठ त्यात क्रेडिट भरणार. तुम्ही स्वतः जाऊन भरू शकत नाही. शिक्षण मध्येच सुटलं तरी शिल्लक राहते, आणि दुसऱ्या विद्यापीठात गेलात तर तिथे ती वापरता येते. मात्र क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, आणि जे विद्यापीठ पदवी देणार त्याच्याकडून निम्मे क्रेडिट तरी मिळवावेच लागतात.

नवीन पद्धतीत मध्येच थांबणाऱ्याचाही विचार केला आहे. एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षं केली तर डिप्लोमा, तीन वर्षांची पदवी. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात असं म्हटलं आहे की बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येईल आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येईल.

हे वाचून मला इतका आनंद झाला! दोन वर्षं म्हणजे ८० क्रेडिट. उरले ४०. मी आईला हाकसुद्धा मारली. मग पुढची ओळ वाचली.

मग आईची दोन वर्षं?

या बँकेत २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून मिळवलेले क्रेडिटच धरले जातात. त्याआधीचे नाही. आईचा भाग दोन २००३ चा. बँक उघडली तेव्हा तिची मार्कशीट अठरा वर्षांची झाली होती.

दुसरी अडचण अशी की तिच्या मार्कशीटवर क्रेडिटच नाहीत. वार्षिक परीक्षा, विषय, शंभरपैकी मार्क, खाली ‘पास’. एखाद्या विद्यापीठाला आपल्या नियमांनुसार जुने पेपर धरायचे असतील तर त्याला जुना अभ्यासक्रम आणि आजचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघावं लागतं की किती जुळतो. वीस वर्षांत अभ्यासक्रम कितीदा बदलला असेल याचा विचार करा. आपल्याकडे पॅटर्न बदलला की एटीकेटीवाल्यांचे काय हाल होतात ते आपण पाहतोच. डिप्लोमावाल्याला डायरेक्ट सेकंड इयर मिळतं, कारण त्याच्यासाठी तो रस्ता आधीच बांधून ठेवलेला आहे. आईसाठी कोणी बांधला नव्हता.

थोडक्यात, ती दोन वर्षं ट्रान्सफर होण्यासारखी नव्हती. हे आईला सांगणं हे आजवरच्या कुठल्याही व्हायव्हापेक्षा कठीण होतं. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही. फक्त म्हणाली, “म्हंजे ते दोन वर्स वायाच गेले म्हन.”

मला उत्तर सुचलं नाही.

सहा महिन्यांची डिग्री

पण त्या अठरा हजारांचं उत्तर मात्र सापडलं. मान्यताप्राप्त विद्यापीठात तीन वर्षांची पदवी दूरस्थ पद्धतीने घ्या की ऑनलाइन घ्या, तिला कमीत कमी तीन वर्षं लागतातच. मधल्या दलालाला किंवा फ्रँचायझीला प्रवेश देण्याची यूजीसीची परवानगी नाही. मी आईच्या फोनवरून त्या माणसाला विचारलं, “विद्यापीठाचं नाव सांगा, मी यादीत बघते.” तो म्हणाला, नाव फी भरल्यावर कळेल! आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. बचत गटाचं कर्जही तिने दुसऱ्या दिवशी नको म्हणून सांगितलं.

अशा भानगडीत नुसते पैसे जात नाहीत. आपल्याच क्षेत्रातलं उदाहरण बघा. काही अभिमत विद्यापीठांनी योग्य परवानगी न घेता दूरस्थ पद्धतीने इंजिनिअरिंगच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित झाल्या आणि त्यांना एआयसीटीईची परीक्षा देऊन त्या वाचवाव्या लागल्या. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या सरळ रद्द झाल्या. दहा-बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला एक दिवस कळतं की आपली पदवीच नाही! यूजीसीच्या २०२० च्या नियमांतही इंजिनिअरिंग, मेडिकल, कायदा असे कोर्स दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला बंदी आहे. तेव्हा ‘घरबसल्या बी.ई.’ची जाहिरात दिसली तर समजून घ्या.

याउलट, परवानगी असलेल्या कोर्सची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी आणि रोज कॉलेजात जाऊन मिळवलेली पदवी यांचा दर्जा समान आहे. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. त्यामुळे “बाहेरून केलंय वाटतं” असं कोणी नाक मुरडून म्हणालं तर त्याच्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही.

दूरस्थ की ऑनलाइन?

हे दोन्ही एकच असं मला वाटायचं. तसं नाही. दूरस्थ शिक्षणात पुस्तकं मिळतात, जवळपासचं एक अभ्यासकेंद्र असतं, तिथे अधूनमधून संपर्क सत्रं होतात आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. ऑनलाइनमध्ये व्याख्यानं, चर्चा, स्वाध्याय सगळं इंटरनेटवर, अभ्यासकेंद्र नाही. नेट चांगलं असेल आणि स्क्रीनवर वाचायची सवय असेल तर ते उत्तम.

आईला स्क्रीनवर वाचवत नाही. तिला पुस्तक हातात पाहिजे, पेन्सिलने खुणा करता आल्या पाहिजेत, आणि शिकणं मराठीतून पाहिजे. म्हणून आम्ही नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विचार केला. ते १ जुलै १९८९ ला सुरू झालं आणि त्याचं एक विभागीय केंद्र अमरावतीलाच आहे. दुसरा पर्याय इग्नूचा, जे १९८५ पासून आहे. तिथे बी.ए. कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येतं. नोकरी-घर सांभाळणाऱ्याला हे फार सोयीचं.

प्रवेश घेण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. एक, ते विद्यापीठ आणि तो कोर्स त्या वर्षीच्या यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत आहे का. दोन, प्रवेश आणि फी थेट विद्यापीठाच्या वेबसाइटवर किंवा त्याच्या अधिकृत केंद्रावरच आहे का. तीन, स्वतःचा डेब आयडी काढला का. २०२४ पासून दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेशासाठी हा आयडी लागतो, आणि तो काढायला आधी ते क्रेडिटचं खातं लागतं. म्हणजे गंमत बघा, ज्या बँकेने आईची जुनी वर्षं घेतली नाहीत, त्याच बँकेत तिचं खातं उघडलं. शिल्लक शून्य.

तासांचा हिशोब

आईची खरी भीती वेगळी होती. “मले जमन का? दिवसभर लेकरं, मग घर.” मी वही घेतली. १२० क्रेडिट गुणिले ३० म्हणजे ३६०० तास. तीन वर्षांत करायचं तर रोज साधारण सव्वातीन तास. सहा वर्षांत करायचं तर रोज एक तास चाळीस मिनिटं, रविवार धरून. आईने आकडा बघितला आणि म्हणाली, “रात्रीची सिरियल नं दुपारची झोप. बसते की!” माझ्या थर्मोडायनॅमिक्सच्या कुठल्याच गणिताला इतकं झटपट उत्तर आलेलं नाही.

आणि मग मला तिच्या त्या प्रश्नाचं उत्तरही थोडं थोडं सुचायला लागलं. ती दोन वर्षं क्रेडिट म्हणून आली नाहीत हे खरं. पण फॉर्म भरताना आईने विषय निवडायला मला विचारलं नाही. समाजशास्त्राचं पुस्तक चाळताना ती मध्येच म्हणाली, “हे होतं आम्हाले.” अंगणवाडीत कुपोषणाची नोंद ठेवणारी, घरोघर जाऊन आयांना समजावणारी बाई ते पुस्तक वाचते तेव्हा तिला प्रत्येक पानावर गल्लीतलं कोणीतरी दिसतं. कामाच्या अनुभवालाही क्रेडिट द्यावं हे २०२३ च्या आराखड्याने तत्त्व म्हणून मान्य केलं आहे. आईच्या अनुभवाचे क्रेडिट तिच्या पासबुकात अजून कोणी भरलेले नाहीत. पण वाचताना तिला त्याचा उपयोग होतो, हे मी डोळ्यांनी बघितलं.

आपण काय करायचं?

आता आपल्याविषयी. आपण २०२१ नंतरचे, म्हणजे नशीबवान. पण तुमचं खातं उघडलेलं आहे का? त्यात तुमच्या मागच्या सेमिस्टरचे क्रेडिट आले का? डिजिलॉकरमधून बघता येतं, पाच मिनिटांचं काम. नसतील आले तर कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा. आज आपल्याला वाटतं की आपण कशाला मध्येच सोडणार. आईलाही २००३ मध्ये असंच वाटलं असेल. घरची अडचण, आजारपण, लग्न, यातलं काहीही विचारून येत नाही. आणि जो मित्र सेकंड इयरनंतर हॉस्टेल सोडून गेला, त्याला फोन करून एवढं तरी सांगा की सात वर्षांचं घड्याळ सुरू आहे, परत यायचं असेल तर फार उशीर करू नकोस.

ज्या गाडगे बाबांचं नाव आपल्या विद्यापीठाला आहे, ते इथल्याच शेंडगावचे. ते गावोगाव सांगत फिरले की पोटाला चिमटा घ्या पण पोरांना शिकवा. आमच्या घरात ते आईने केलं. दोन मार्कशीट ट्रंकेत ठेवल्या आणि मला कॉन्व्हेंटला घातलं.

तुमच्याही घरी अशी एखादी ट्रंक असेल. आईची, काकूची, नाहीतर बाबांची. दिवाळीत घरी जाल तेव्हा उघडायला सांगा. त्यांच्यासोबत बसून यादी बघा, फॉर्म भरा. आणि कोणी ‘ट्रान्सफर करून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर आठ दिवस थांबा आणि आधी विद्यापीठाचं नाव विचारा.

आईच्या पुस्तकांचं पार्सल आलं तेव्हा मी हॉस्टेलवर होते. तिने फोटो पाठवला. पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घातलेली, त्यावर पेनाने तिचं नाव आणि खाली, वर्ग : बी.ए. प्रथम वर्ष.