नळ गळतोय? आधी वायसर बघा

पोशेरा, मोखाडा तालुका. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळा लागला की भागात टँकरची वाट! इथे बाथरूमचा गळका नळ परवडत नाही. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला वीसेक लिटर पाणी जातं. जलजीवन मिशनचं माणशी रोजचं माप आहे 55 लिटर.

नळ बंद केल्यावरही तोंडातून थेंब पडतात? बहुतेक वेळा वायसर झिजलेला असतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, पाइपातलं पाणी काढून टाका, पान्याने नळाचा वरचा भाग सोडवा. स्पिंडलच्या टोकाला रबरी वायसर दिसेल. कडक झालेला, गोल चर पडलेला. दुकानात जाताना तो खिशात ठेवा, म्हणजे मापाचाच मिळेल. (नळ आणखी आवळण्याची आपली सवय सोडा. त्याने आतली बैठकही जाते.) पाव फेरीत उघडणाऱ्या नव्या नळांत असा वायसर नसतो, आतलं स्पिंडलच बदलावं लागतं.

भिंतीपाशी गळत असेल तर आटे पुसून टेफ्लॉन टेप गुंडाळा, नळ ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने. उलटी गुंडाळली की बसवताना सुटते.

धार बारीक झाली असेल तर नळाच्या तोंडाची जाळी धुवा.

भिंतच ओली दिसतेय? मग मात्र प्लंबरला बोलवा.