माल पसंत, मग अभिप्राय का नाही?
(ऊस विकास विभागाकडून)



बेसल डोस, पाचट आणि हुमणी सोडून ऊस विकास विभागाच्या पानावर मोबाईलवरच्या खरेदीचा विषय कसा काय आला, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. कारण असे की, गेल्या काही हंगामांत गटागटांतून फिरताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. बॅटरीवरचा फवारणी पंप, मोटारीचा स्टार्टर, ठिबकचे जोडसामान, फार काय, उसाचे डोळे काढण्याचे हातयंत्रसुद्धा आता कुरियरने सभासदांच्या दारात येऊन पडते. त्याच वेळी आपल्यापैकी काहींच्या घरची लेक-सून काकवी, गूळ, हळद, बेदाणा बाटल्या-पाकिटांत भरून याच मार्गाने पुण्या-मुंबईला विकू लागली आहे. म्हणजे एकाच घरात गिऱ्हाईकही आहे आणि दुकानदारही. तेव्हा हा विषय आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे.

माल हाती पडला की चार-आठ दिवसांत मोबाईलवर विचारणा येते. माल कसा वाटला? पाचांपैकी किती तारे देता? दोन ओळी लिहा. आपण काय करतो, तर अंगठ्याने ती विचारणा बाजूला सारतो. एका सभासद तात्यांना आम्ही विचारले, "पंप चांगला चाललाय ना, मग तसं लिहिलं का नाही?" तात्या म्हणाले, "आरं साहेब, पैसं मोजून घेतलाय, चांगला चालणारच की. त्यात लिवायचं काय?"

तात्यांच्या या एका वाक्यात निम्मे उत्तर आहे. आपल्याकडे चांगल्या मालाची तारीफ तोंडावर करण्याची रीत नाही. "बरं हाय" म्हटले की झाली पसंती. वाण्याच्या दुकानात हे खपून जाते, कारण पुढच्या आठवड्यात आपण पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढतो आणि वाण्याला जे समजायचे ते समजते. मोबाईलवरच्या दुकानदाराला आपण दिसत नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तर मुळीच दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त लिहिलेले असते तेवढेच.

अनोळखी माणसाने अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा, हा पेच या व्यापाराच्या पहिल्या दिवसापासूनचा आहे. अमेरिकेत पिअर ओमिद्यार यांनी १९९५ मध्ये संगणकावरून लिलावाने वस्तू विकण्याची पेढी काढली, तीच पुढे ईबे या नावाने जगभर माहीत झाली. लोकांची एकमेकांविरुद्ध गाऱ्हाणी येऊ लागली, तेव्हा १९९६ मध्ये त्यांनी व्यवहारानंतर परस्परांविषयी चार शब्द सर्वांना दिसतील असे लिहून ठेवण्याची सोय केली.  तिथल्याच १९९९ मधील व्यवहारांचा रेझनिक आणि झेकहौझर या दोन अभ्यासकांनी हिशोब मांडला. निम्म्याहून थोड्या अधिक गिऱ्हाइकांनी अभिप्राय लिहिला होता, आणि शंभर अभिप्रायांत वाईट एकही पुरता भरत नव्हता. मग काय सारे व्यापारी हरिश्चंद्राचे अवतार होते? पुढे २००८ मध्ये डेलारोकस आणि वुड यांनी जुन्या नाण्यांच्या ५१,०६२ लिलावांची छाननी केली. त्यांचा निष्कर्ष असा की, नाराज माणसे लिहिण्यापेक्षा गप्प राहणेच अधिक पसंत करतात, म्हणून खरी नाराजी नोंदीत दिसते त्याहून बरीच जास्त असते.

नाराज माणूस गप्प का? एक कारण भीतीचे. त्या पेढीवर विक्रेताही गिऱ्हाइकाला गुण देई. तू मला वाईट लिहिलेस तर मी तुला लिहितो, असा मामला. अखेर २००८ मध्ये विक्रेत्यांना गिऱ्हाइकाविरुद्ध वाईट लिहिण्याची बंदी झाली. आपल्याकडे भीतीचा रंग वेगळा. विक्रेता तालुक्यातलाच निघाला, पाव्हण्यांच्या ओळखीचा निघाला, तर उगाच वाकडेपणा कशाला घ्या! एक तारा दिल्यावर "साहेब, तेवढं काढून टाका, पैसे परत करतो" असे फोन आल्याचेही सभासदांनी आम्हाला सांगितले आहे.

दुसरे कारण कष्टाचे. लिहिण्याचा त्रास आपला आणि फायदा पुढच्या अनोळखी माणसाचा. पाटाच्या चारीतले गवत काढण्यासारखे हे काम आहे. पाणी सर्वांना हवे असते, खोरे घेऊन उतरायला मात्र ज्याचे रान टोकाला आहे तोच येतो.

तिसऱ्या कारणाचा उल्लेख शहरातली माणसे फारसा करीत नाहीत, पण खेड्यात तेच मोठे आहे. खरेदी करणारा एक आणि वापरणारा दुसरा. मोबाईल पोराचा, खाते पोराच्या नावावर, पोरगं चाकणला कंपनीत. पंप पाठीला लावून रानात फिरतात आबा. विचारणा येते पोराला; त्याने पंप पाहिलेलाही नसतो. तो एक तर गप्प बसतो, नाही तर खोके फुटले नव्हते म्हणून पाच तारे देऊन मोकळा होतो. शिवाय विचारणा येते आठवड्यात, आणि पंपाची बॅटरी दगा देते दुसऱ्या हंगामात. त्या वेळी पुन्हा जाऊन लिहिणारा लाखात एखादा. म्हणून अवजारांचे अभिप्राय वाचताना "छान माल, वेळेत आला" असल्या ओळींवर फार भिस्त ठेवू नये. सहा महिने वापरून लिहिलेला एकच अभिप्राय शोधून वाचावा. लिहिणे इंग्रजीतच करावे लागते हाही एक गैरसमज आहे. मराठीत लिहिले तरी चालते, आणि बहुतेक मोबाईल बोललेले मराठी उतरवूनही घेतात.

आता लिहितो कोण? जो चिडलेला आहे तो, आणि जो फार खूश झाला आहे तो. मधला मोठा समाज, ज्याचे काम नीट झाले, तो मुका. या मुकेपणाची किंमत कोण भरते ते पाहायचे तर आपल्याला कृष्णामाईच्या उगमाकडे, महाबळेश्वर तालुक्यात वर चढावे लागेल.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सर्वांना ठाऊक आहे. २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. मधाचे महत्त्व मात्र खाली घाटाच्या पायथ्याला राहणाऱ्यांनाही पुरते माहीत नसते. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरातच आहे, आणि याच तालुक्यातील मांघर हे मे २०२२ मध्ये देशातील पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. सातेरी माशांच्या पेट्या, जांभूळ-हिरड्याचा फुलोरा, आणि सात-आठ वर्षांनी एकदा फुलणारी कारवी, यांवर हा मध होतो. पर्यटक येईल तेव्हा दारात विकायचा, हा जुना धंदा. आता काही घरांनी मोबाईलवरून बाटल्या पाठवायला सुरुवात केली आहे.

अशा एका घराशी आमच्या गटातील सभासदाचे नाते आहे. सभासदाची मेहुणी हा व्यवहार पाहते. एका हंगामात त्यांच्या दोनशेच्या आसपास बाटल्या गेल्या, आणि अभिप्राय आले तीन. दोघांनी पाच-पाच तारे दिले. तिसऱ्याने एकच तारा देऊन खाली लिहिले, "मधात साखर आहे, तळाला खडे जमले." झाले! पाच, पाच आणि एक मिळून अकरा. भागिले तीन, सरासरी ३.७. पाहणारा पुढचा माणूस ३.७ पाहून पुढे सरकतो. दोनशेपैकी चाळीस जणांनी लिहिले असते आणि त्यांत एकोणचाळीस पाचाचे असते, तर त्याच एका ताऱ्यानिशी सरासरी ४.९ राहिली असती. मध तोच, बाटली तीच, तक्रारही तीच. फरक पडला तो गप्प बसलेल्यांमुळे. त्या बाईंनी सभासदाला फोनवर विचारले, "दाजी, एकशे सत्त्याण्णव माणसांनी मध खाल्ला, त्यातलं कुणीच काही बोलत नाही. वाईट होता म्हणून, का चांगला होता म्हणून?"

त्या तक्रारीविषयी येथे दोन शब्द लिहिणे आम्हाला भाग आहे. साखर कारखान्याच्या सभासदाला दाणा धरणे म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पॅनमध्ये पाक घट्ट झाला की साखरेचा दाणा धरतो. मधात निसर्गतः ग्लुकोज असते, आणि थंडीत तेही तसाच दाणा धरते. शुद्ध मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. म्हणजे दाणा दिसला एवढ्यावरून भेसळ ठरत नाही, आणि दाणा दिसला नाही म्हणून शुद्धताही ठरत नाही. गिऱ्हाइकाच्या संशयालाही मात्र आधार आहे. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने अनेक नामांकित छापांच्या मधात साखरेचा पाक मिसळला जात असल्याचे जाहीर केले होते. कंपन्यांनी ते नाकारले, पण लोकांच्या मनात किंतु राहिला तो राहिलाच. त्या किंतूचा फटका डोंगरातल्या प्रामाणिक घराला बसतो, कारण मोठ्या छापाच्या मागे हजारो अभिप्राय असतात आणि हिच्या मागे तीन.

पुढे त्या घराने एक साधी गोष्ट केली. प्रत्येक बाटलीसोबत हाताने लिहिलेली मराठी चिठ्ठी टाकली. थंडीत मध गोठतो, काय करावे, आणि मध संपत आल्यावर जसा वाटला तसे दोन शब्द लिहावेत, चांगले असो वा वाईट. खाली घरच्या बाईंचे नाव. त्यानंतर लिहिणारे वाढले. आमच्या मते येथे नावाचा प्रभाव पडला. कंपनीचा यंत्राने पाठवलेला संदेश माणूस सारून टाकतो. एखाद्या घरातल्या माणसाने नावानिशी विचारले की दुर्लक्ष करायला जड जाते. काकवी-गूळ विकणाऱ्या आपल्या भगिनींनी हे जरूर करून पाहावे.

मात्र चिठ्ठीत "पाच तारे द्या आणि शंभर रुपये मिळवा" असे लिहू नये. अशी कार्डे खोक्यात सापडतात, आणि त्यामुळेच "सगळे अभिप्राय विकतचे असतात" म्हणून चांगली माणसेही लिहिणे सोडतात. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच गिऱ्हाईक बनून अभिप्राय लिहिणे हा अनुचित प्रकार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानकही काढले. सुरुवातीला ते ऐच्छिकच ठेवले गेले, त्यामुळे त्यावर फार विसंबून राहण्यात अर्थ नाही.

आणखी एक गल्लत आम्ही वारंवार पाहतो. कुरियरवाल्याने उशीर केला आणि तारा कापला विक्रेत्याचा. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात हे सर्रास घडते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तिकडचे घाटरस्तेच तुटले होते. तेथे बाटली वेळेत कशी यावी? माल आणि वाहतूक यांचे वेगवेगळे लिहावे. दुसरे म्हणजे अभिप्राय वेगळा आणि तक्रार वेगळी. एक तारा देऊन राग निघतो, पैसे परत येत नाहीत. माल खराब असेल तर त्या दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार नोंदवावी. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा असा नियम आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर फोन करावा. बिल आणि खोक्याचा फोटो जपून ठेवावा, हे वेगळे सांगायला नको.

असो. आता आमच्याच खात्याकडे वळतो, कारण आम्हीही एक प्रकारे विक्रेतेच आहोत. पाडेगाव संशोधन केंद्राने प्रसारित केलेल्या को ८६०३२, फुले २६५ यांसारख्या वाणांचे बेणे कारखान्यामार्फत सभासदांना जाते. त्यानंतर आमच्याकडे येतो कोण? ज्याच्या रानात नांग्या पडल्या तो, आणि तोही तावातावाने. ज्याची उगवण सऱ्या भरून झाली तो चहाच्या टपरीवर बेण्याचे कौतुक करतो, खात्याला चकार शब्द सांगत नाही. पुढच्या साली कोणत्या मळ्याचे बेणे राखायचे आणि कोणते मोडायचे, हे मग आम्ही टपरीवरच्या गप्पांवरून ठरवायचे काय?

म्हणून यंदा प्रत्येक गट कार्यालयात एक वही ठेवण्यात येत आहे. आडसाली लागणीसाठी बेणे नेलेल्या सभासदांनी लागणीनंतर ४५ दिवसांनी कोणत्याही एका सरीतील शंभर डोळ्यांपैकी किती उगवले ते मोजावे, आणि बेणे कोणत्या मळ्यातले, बेणेप्रक्रिया केली होती की नाही, एवढे तीन आकडे-शब्द त्या वहीत लिहावेत. लिहिता येत नसेल तर चिटबॉयला सांगावे, तो लिहून घेईल. उगवण उत्तम असली तरीही यावे. वही पहिल्या तारखेपासून खुली आहे.