घटक ४ : महत्त्व व आवश्यकता दर्शविणारी विशेषणे – अर्थच्छटा आणि निवड

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला :
• ‘महत्त्वाचा’ आणि ‘आवश्यक’ या दोन कल्पनांतील भेद सांगता येईल.
• आवश्यक, गरजेचा, निकडीचा, अनिवार्य, बंधनकारक, अपरिहार्य, अटळ या विशेषणांच्या अर्थच्छटा ओळखता येतील.
• अर्ज, सूचना, अहवाल अशा व्यवहारलेखनात योग्य विशेषणाची निवड करता येईल.

४.२ प्रास्ताविक

समानार्थी शब्द हे पूर्णतः समान अर्थाचे क्वचितच असतात. शब्दकोशात शेजारी शेजारी दिलेले शब्द प्रत्यक्ष वाक्यात एकमेकांची जागा घेऊ शकतीलच असे नाही. ललित लेखनात अशी गल्लत झाली तर शैलीला बाध येतो. व्यवहारलेखनात मात्र तिचा भुर्दंड वाचणाऱ्याला पडतो. एखाद्या सूचनेत ‘उत्पन्नाचा दाखला महत्त्वाचा आहे’ असे छापलेले असेल, तर तो जोडला नाही तर अर्ज नाकारला जाईल की उशिरा दिला तरी चालेल, हे वाचकाला कळत नाही. मंडणगडहून रत्नागिरीला जिल्ह्याच्या ठिकाणी आलेल्या माणसाचा अख्खा दिवस या एका विशेषणावर अवलंबून असू शकतो. म्हणून प्रस्तुत घटकात आपण या शब्दगटाचा विचार अर्थ, व्युत्पत्ती आणि वाक्यरचना या तिन्ही अंगांनी करणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ महत्त्व आणि आवश्यकता

‘महत्त्व’ हा शब्द ‘महत् + त्व’ असा बनला आहे. म्हणूनच त्यात ‘त’ दोनदा येतो. मोठेपणा हा त्याचा मूळ अर्थ. ‘आवश्यक’ हा शब्द ‘अवश्य’ या शब्दापासून आला आहे. ‘अवश्य’ म्हणजे जे आपल्या वश नाही, ज्यावाचून गत्यंतर नाही ते. पहिला शब्द मूल्यमापन करतो, दुसरा अट सांगतो.

हा भेद एका परिचित उदाहरणाने स्पष्ट होईल. २०१८ मध्ये कोकणातील हापूस आंब्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बागायतदारांच्या दृष्टीने ही महत्त्वाची घटना होय. परंतु आंबा पिकण्यासाठी मानांकन आवश्यक नाही. मोहोर टिकण्यासाठी कोरडी हवा मात्र आवश्यक असते. उलट बाजूने पाहिले तर आंब्याच्या लाकडी पेटीला खिळे आवश्यक असतात. पण वर्षाच्या हिशेबात त्यांना कोणी महत्त्वाचे म्हणत नाही. तात्पर्य, जे महत्त्वाचे ते आवश्यक असतेच असे नाही आणि जे आवश्यक ते महत्त्वाचे असतेच असेही नाही.

महत्त्वाच्या बाजूला आणखी तीन विशेषणे लक्षात ठेवावीत. ‘मोलाचा’ हा शब्द लाभ झालेल्या व्यक्तीच्या दृष्टीने किंमत सांगतो (मोलाची मदत). ‘मूलभूत’ म्हणजे ज्याच्या आधारावर बाकीचे उभे आहे ते (मूलभूत हक्क). ‘कळीचा’ म्हणजे ज्याच्या निर्णयावर पुढचे सारे अवलंबून आहे असा (कळीचा मुद्दा). एखाद्या सभेत दहा मुद्दे महत्त्वाचे असू शकतात. कळीचा मुद्दा बहुधा एकच असतो.

४.३.२ आवश्यक, गरजेचा, जरुरीचा, निकडीचा

यांपैकी ‘आवश्यक’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द आहे. ‘गरज’ आणि ‘जरूर’ हे शब्द मुळात अरबी असून फारसीच्या वाटेने मराठीत आले. अशा परकीय शब्दांच्या जागी संस्कृतोद्भव शब्द योजण्याचा प्रयत्न शिवकाळातील राज्यव्यवहारकोशापासून दिसतो. वि. दा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्या काळातही त्यांनी भाषाशुद्धीचा आग्रहपूर्वक पुरस्कार केला. ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ यांसारख्या शब्दांच्या प्रचाराशी त्यांचे नाव जोडले जाते. प्रस्तुत शब्दगटात मात्र कोणत्याही एका शब्दाने दुसऱ्याला हटविले नाही. त्यांनी आपापली क्षेत्रे वाटून घेतली. ‘आवश्यक’ हा शब्द लेखी व औपचारिक व्यवहारात स्थिरावला, तर ‘गरजेचा’ आणि ‘जरुरीचा’ हे बोलण्यात व घरगुती लेखनात राहिले.

भेद केवळ औपचारिकतेचा नाही. ‘आवश्यक’ हे कार्याकडे पाहते, ‘गरजेचा’ हे व्यक्तीकडे. ‘या कामासाठी दोन साक्षीदार आवश्यक आहेत’ या वाक्यात कामाची अट सांगितली आहे. ‘आजीला विश्रांती गरजेची आहे’ या वाक्यात आजीची अवस्था सांगितली आहे. शिवाय गरज निर्माण होते, भागते आणि संपते. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण याच जाणिवेवर उभी आहे.

‘निकडीचा’ या विशेषणात काळाचे दडपण असते. औषध आवश्यक असेल तर ते उद्या आणले तरी चालू शकेल. निकडीचे असेल तर आजच आणले पाहिजे. ‘अत्यावश्यक’ हे ‘अति + आवश्यक’ असे वाढीव रूप असून ‘अत्यावश्यक सेवा’ या प्रयोगात ते पारिभाषिक झाले आहे. त्यामुळे ‘अत्यंत अत्यावश्यक’ ही द्विरुक्ती टाळावी.

४.३.३ अनिवार्य, बंधनकारक, सक्तीचा, अपरिहार्य, अटळ

‘अनिवार्य’ म्हणजे ज्याचे निवारण करता येत नाही ते. ‘अपरिहार्य’ म्हणजे ज्याचा परिहार करता येत नाही ते. व्युत्पत्तीने हे दोन शब्द जवळजवळ एकच आहेत, पण रूढीने त्यांना वेगळे केले आहे. आजच्या मराठीत ‘अनिवार्य’ हे बहुधा नियमामुळे असते आणि ‘अपरिहार्य’ हे परिस्थितीमुळे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिकी नौकांना पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी लागू असते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातील नौकाधारकावर ती बंदी बंधनकारक आहे, कारण ती शासनाने घातलेली आहे. त्याच दिवसांत वारे आणि लाटा अशा असतात की कायदा नसता तरीही लहान होडी किनाऱ्यावर ओढून ठेवणे अपरिहार्य झाले असते. कृती तीच, परंतु एका ठिकाणी कारण आदेश आहे, दुसऱ्या ठिकाणी समुद्र. आदेश मागे घेतला जाऊ शकतो, त्यातून सूट मिळू शकते. परिस्थितीकडे अर्ज करता येत नाही. म्हणून नियमाविषयी लिहिताना ‘अपरिहार्य’ हा शब्द वापरला, तर तो नियम कोणीतरी केलेला आहे आणि बदलता येण्याजोगा आहे, ही गोष्ट झाकली जाते.

‘सक्तीचा’ या शब्दात आदेशामागील बळ उघडपणे दिसते. २००९ च्या शिक्षणहक्काच्या अधिनियमाच्या नावात ‘मोफत व सक्तीचे शिक्षण’ हा प्रयोग आहे. इतरत्र मात्र ‘सक्तीचा’ या विशेषणाला अनेकदा नाराजीची छटा येते. ‘हा विषय अनिवार्य आहे’ असे विद्यापीठ म्हणते; ‘हा विषय सक्तीचा केला’ असे तक्रार करणारा विद्यार्थी म्हणतो.

‘अटळ’ हे विशेषण जे टळणार नाही अशा, बहुधा अनिष्ट, घटनेला लागते (पराभव अटळ होता). कागदपत्र, विषय किंवा वस्तू यांना ते लावत नाहीत.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
कंसातील योग्य शब्द निवडा.
(अ) करारातील अटी दोन्ही पक्षांवर ______ आहेत. (अटळ / बंधनकारक)
(आ) पूल वाहून गेल्याने लांबच्या रस्त्याने जाणे ______ झाले. (अपरिहार्य / सक्तीचे)

४.३.४ नकाराचे अर्थ

ही विशेषणे नकारार्थी वाक्यात आली की अर्थभेद अधिक ठळक होतो. पुढील तीन वाक्ये पाहा.
१. अर्जासोबत छायाचित्र आवश्यक नाही.
२. अर्जासोबत छायाचित्र अनावश्यक आहे.
३. अर्जासोबत छायाचित्र न जोडणे आवश्यक आहे.
पहिल्या वाक्यात छायाचित्र जोडले तरी चालते. दुसऱ्यात ते जोडणे फाजील ठरते. तिसऱ्यात जोडण्यास मनाई आहे. ‘अनिवार्य नाही’ याचा अर्थ ‘ऐच्छिक आहे’ एवढाच होतो. ते निरुपयोगी आहे असा होत नाही.

४.३.५ वाक्यरचनेतील वर्तन

‘महत्त्वाचा’, ‘गरजेचा’, ‘निकडीचा’, ‘सक्तीचा’ ही विशेषणे लिंगवचनानुसार बदलतात (गरजेचा दाखला, गरजेची वस्तू, गरजेचे कागद). ‘आवश्यक’, ‘अनिवार्य’, ‘बंधनकारक’, ‘अपरिहार्य’, ‘अटळ’ ही अविकारी आहेत. ‘बंधनकारक’ या शब्दाबरोबर ‘-वर’ किंवा ‘-ला’ येतो (सदस्यांवर बंधनकारक), तर ‘अनिवार्य’ या शब्दाबरोबर ‘-ला’ किंवा ‘-साठी’ येतो (विद्यार्थ्यांसाठी अनिवार्य). ‘फार महत्त्वाचे’, ‘अधिक गरजेचे’ हे प्रयोग योग्य आहेत. ‘फार अनिवार्य’ हा नाही, कारण जे अनिवार्य आहे त्यात कमीअधिक संभवत नाही.

मराठीत आवश्यकता दाखविण्याचे काम क्रियापदेही करतात : ‘जायला पाहिजे’, ‘जावे लागते’, ‘जाणे भाग आहे’. जिवाला धोका असेल तेथे विशेषणावर विसंबू नये. बंदरात धोक्याचा बावटा लागला असताना ‘समुद्रात न जाणे महत्त्वाचे आहे’ ही सूचना ढिली पडते. ‘समुद्रात जाऊ नये’ हीच खरी सूचना.

४.४ सारांश

विशेषण निवडताना तीन प्रश्न विचारावेत. ही गोष्ट नसेल तर काम अडेल काय? अडत नसेल तर ‘महत्त्वाचे’ किंवा ‘मोलाचे’ म्हणावे. अडत असेल तर ‘आवश्यक’. ती कोणामुळे हवी आहे? नियमामुळे असेल तर ‘अनिवार्य’ अथवा ‘बंधनकारक’, परिस्थितीमुळे असेल तर ‘अपरिहार्य’, व्यक्तीच्या अवस्थेमुळे असेल तर ‘गरजेचे’. ती केव्हा हवी आहे? तत्काळ हवी असेल तर ‘निकडीचे’. या प्रश्नांची उत्तरे लेखकाने आधी स्वतःला दिली, तर वाचकाला ती शोधत बसावे लागत नाही.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नाची उत्तरे

(अ) बंधनकारक (आ) अपरिहार्य

४.६ स्वाध्याय

१. ‘अनिवार्य’ व ‘अपरिहार्य’ यांतील भेद स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. आपल्या ग्रामपंचायतीच्या किंवा कार्यालयाच्या फलकावरील एक सूचना उतरवून घ्या. तिच्यातील महत्त्वदर्शक व आवश्यकतादर्शक शब्द तपासा आणि गरज वाटल्यास ती सूचना पुन्हा लिहा.