टेस्ट हिरवी, पण फॉर्म गेलाच नाही!

प्रोजेक्टसाठी सेलेनियम किंवा प्लेराइट वापरताय? मग हा घोळ कधीतरी होणारच. स्क्रिप्टने सबमिट दाबलं, टेस्ट पास झाली. पण डेटा सेव्ह झालाच नाही! कारण आपण तिला फक्त स्क्रीनवरचं बटण तपासायला सांगितलेलं असतं. खरी गंमत असते ब्राउझरने सर्व्हरला पाठवलेल्या रिक्वेस्टमध्ये. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये आणलेल्या प्लेराइटमध्ये ‘रिस्पॉन्स’ इव्हेंट ऐकला, की प्रत्येक उत्तराची यूआरएल आणि स्टेटस कोड छापता येतो. २०० म्हणजे ओके, ४०१ म्हणजे लॉगिनचा लोचा, ५०० म्हणजे सर्व्हरच गंडलाय. उगाच ‘पाच सेकंद थांब’ लिहिण्यापेक्षा हे आकडे वाचा. आणि हो, हेडरही छापले असतील, तर लॉग ग्रुपवर टाकण्याआधी टोकन आणि कुकीज खोडा. नाहीतर तुमचं अकाउंट दुसराच कुणी वापरेल!