वास कुणाचा? आईचा की बाटलीचा?

बाळ बघायला येणारी ऑफिसची गँग हल्ली झबली-टोपडी आणत नाही, हॅम्पर आणते. माझ्या हॅम्परमधून निघाल्या लव्हेंडर, पेपरमिंट, निलगिरी आणि टी ट्री तेलाच्या इवल्याशा बाटल्या, सोबत एक क्यूट डिफ्यूझर. प्रत्येक बाटलीवर ठसठशीत अक्षरांत ‘१०० टक्के नैसर्गिक’!

नैसर्गिक म्हटलं की आपण विरघळतोच. पण धोतराही नैसर्गिकच असतो की! शिवाय हे घाण्यावरचं खोबरेल नाही. किलोकिलोने पाला-फुलं वाफवून काढलेला हा कडक अर्क.

‘पण दुधात उतरतं का गं?’ प्रत्येक मैत्रिणीचा पहिला प्रश्न हाच. थोडंफार उतरू शकतं. निलगिरीतला मुख्य घटक सिनिओल. त्याची कॅप्सूल घेतलेल्या आयांच्या दुधात तो सापडलाय. म्हणून ही तेलं पोटात घेणं बादच. पेपरमिंटने दूध आटतं, असंही छातीठोकपणे सांगतात. ठोस पुरावा मात्र नाही.

खरी भानगड दुधापेक्षा त्वचेची आणि नाकाची आहे. तुम्ही छातीला जे चोळाल, ते बाळ चाटणार, हुंगणार. पेपरमिंटमधलं मेंथॉल तान्ह्याच्या नाकाशी गेलं तर श्वास अडकू शकतो. कापूर आणि निलगिरी पोटात गेले तर झटके येऊ शकतात. अमेरिकेत तर १९८३ पासून औषधी मलमांत ११ टक्क्यांहून जास्त कापूर चालत नाही. आमच्या सासूबाईंची उशाशी ठेवायची कापराची पुरचुंडी मी याच कारणासाठी प्रेमाने कपाटात ठेवली. ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही!’ हे ऐकून घेतलं.

आणखी एक भन्नाट गोष्ट. १९९४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या प्रयोगात आईचा एक स्तन धुतला, दुसरा नाही. ३० पैकी २२ नवजात बाळं न धुतलेल्याकडे वळली. म्हणजे वास हाच त्यांचा पत्ता! तो लव्हेंडरने का पुसायचा?

मग मसाज बंद? छे! पाठीला, पायांना खुशाल करा. ३० मिली खोबरेलात लव्हेंडरचे पाच-सहा थेंब पुरे. छाती वगळा, हात धुऊनच बाळाला घ्या. बाळाच्या खोलीत डिफ्यूझर नको. भेगांना तेलाऐवजी डॉक्टरांचा सल्ला. बाळाने चुकून तेल गिळलंच, तर उलटी न काढता थेट हॉस्पिटल गाठा.

आपल्याला परफ्यूमचे दहा ब्रँड पाठ असतील. बाळाला सध्या एकच ठाऊक आहे: तुम्ही!